खाडीतला जिताडा गळाने धरायचा तर: ठाणे-नवी मुंबईच्या नवख्यांसाठी

अमेरिकेतले बास फिशिंगचे व्हिडिओ बघून गळ हातात घ्यावासा वाटणारे बरेच जण हल्ली भेटतात. त्या व्हिडिओंमधला लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा मासा आहे. आपल्या तलावांत आणि धरणांत तो नाही, आणि हौसेपोटी तो आणून सोडायचा विचारही कुणी करू नये. परका शिकारी मासा तलावात सुटला की इथले मासे संपतात आणि तो परत काढता येत नाही. पण त्याच धाटणीची शिकार करणारा आणि ताकदीला त्याच्यापेक्षा भारी मासा आपल्या दाराशी आहे. तो म्हणजे जिताडा, म्हणजेच एशियन सीबास. ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणून ज्याच्यासाठी लोक मैलोनमैल जातात तो हाच. ठाणे खाडी, पनवेलची खाडी, घोडबंदरकडची उल्हासची खाडी, सगळीकडे तो आहे.

नवखा माणूस पहिल्यांदा दुकानात जातो आणि रॉड घेतो. माझं सांगणं उलट आहे. आधी दोन-चार सकाळी रिकाम्या हाताने पाण्यावर घालवा, भरती-ओहोटी समजून घ्या, आणि मगच पैसे खर्च करा. खाडीचं पाणी ज्याला कळतं त्याला साध्या काठीवरही जिताडा लागतो. ज्याला ते कळत नाही तो भारी सामान घेऊन दिवसभर चिखल ओढत बसतो.

जिताड्याचा स्वभाव

जिताडा भक्ष्यामागे लांबवर पळत नाही. तो आडोशाला दबा धरून उभा राहतो. पुलाचा खांब, जेट्टीचे दगड, बुडालेलं लाकूड, तिवरांची मुळं, खारबंदिस्तीच्या उघाडीचं (खारं पाणी अडवणाऱ्या बांधातल्या दाराचं) तोंड, असं काहीतरी त्याला लागतं. प्रवाह एका बाजूने जोरात वाहतो, आडोशामागे पाणी संथ असतं. हा त्या दोहोंच्या सीमेवर थांबतो आणि प्रवाहाने कोळंबी किंवा बोयचं पिल्लू समोर आणलं की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. पाण्याच्या वरच्या थरात खात असेल तर ‘भप्प’ असा आवाज येतो. एकदा ऐकलात की तो लांबूनही ओळखाल.

खाऱ्या आणि गोड्या, दोन्ही पाण्यांत तो राहतो. पावसाळ्याच्या सुमाराला खाडीच्या मुखाजवळ अंडी घातली जातात आणि पिल्लं भरतीबरोबर आतल्या ओहोळांत, खाजणांत शिरतात. पेण-अलिबागकडे शेताच्या आणि घराच्या तळ्यात जिताडा वाढवण्याची जुनी रीत आहे, ती याच सवयीच्या जोरावर. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ साली त्याचं बंदिस्त प्रजनन यशस्वी केलं.

आणखी एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा, कारण पुढे ती कामाची आहे. बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि मोठे झाल्यावर, साधारण ८० ते १०० सेंटीमीटरच्या आसपास, मादी होतात. म्हणजे फोटो काढण्याजोगा जो मोठा मासा असतो, ती जवळजवळ नेहमी लाखो अंडी घालणारी मादी असते.

भरती-ओहोटी: खरा अभ्यास इथे

आपल्याकडे दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, आणि वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक सहज मिळतं, तरी कोळीवाड्यातला जुना हिशोब पाठ करून ठेवा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. हा हिशोब मुंबईच्या किनाऱ्याचा आहे. पाणी आत वाशी, ऐरोली, कोपरीपर्यंत पोचायला आणखी वेळ लागतो, म्हणून वेळापत्रकातल्या वेळेवर थोडं थांबायची तयारी ठेवा. तुमच्या जागेचा फरक किती हे घड्याळ लावून स्वतः बघा आणि वहीत लिहा.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो, प्रवाह प्रचंड असतो आणि पाणी चहासारखं गढूळ होतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं. चढ-उतार कमी, प्रवाह मवाळ, पाणी त्यातल्या त्यात निवळ. नवख्याने भांगाच्या दिवसांतच सुरुवात करावी. एक तर कृत्रिम आमिष माशाला दिसायला हवं. दुसरं म्हणजे उधाणात तुमचं आमिष तळाला टेकायच्या आत वाहून जातं आणि काय चाललंय तेच कळत नाही.

अष्टमी-नवमीचा आणखी फायदा असा की भरती सकाळी सहा-सातच्या सुमाराला भरते. म्हणजे उजाडतं तेव्हा पाणी काठोकाठ असतं आणि कोवळ्या उन्हात ओहोटी सुरू होते. तिवरांत शिरलेलं पाणी ओहोळांतून बाहेर पडू लागतं, त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासे बाहेर येतात, आणि ओहोळाच्या तोंडाशी जिताडा उभा असतो. ओहोटीचे पहिले दोन-अडीच तास मला सगळ्यात आवडतात. पाणी पूर्ण थांबलेलं असतं, म्हणजे भरती भरून किंवा ओहोटी संपून, तेव्हा बहुतेक वेळा काहीच घडत नाही. तेव्हा डबा खाऊन घ्यावा.

आता रिकाम्या हाताची सकाळ. ही उधाणाच्या दिवशी करा, कारण तेव्हा ओहोटीला तळ सगळ्यात जास्त उघडा पडतो. जेट्टीवर किंवा बांधावर उभं राहून बघा: खोल चर कुठून जातो, दगड कुठे आहेत, कुठला ओहोळ शेवटपर्यंत वाहतो, कुठे जुनं लाकूड रुतलंय. मोबाइलने फोटो काढा आणि मागे एखादी ओळखीची खूण ठेवा, विजेचा मनोरा किंवा इमारत. भरतीला हे सगळं झाकलं जातं, पण तुम्हाला ते ठाऊक असतं. त्या चिखलाच्या सपाटीवर काठावरून कितीही लांब फेक केली तरी उपयोग नाही. चराच्या कडेला टाकलेली छोटी फेक पुरते.

महिन्यांचं म्हणाल तर जिताडा उबदार पाण्याचा मासा आहे. एप्रिल-मे आणि पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे दिवस चांगले. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात तो मंदावतो.

जागा, आणि कुठे जायचं नाही

नवी मुंबईत सारसोळे, दिवाळे, बेलापूर, वाशी, ऐरोली या कोळीवाड्यांच्या जेट्ट्या, आणि ठाण्याच्या बाजूला घोडबंदर रस्त्यावरचं गायमुख, कोलशेत आणि पलीकडे काल्हेर-कशेळीचा किनारा, या भागात गळ टाकणारे दिसतात. नेमका दगड मी सांगत नाही, तो तुम्ही शोधा. पण जेट्टी ही कोळी बांधवांची कामाची जागा आहे, एवढं ध्यानात ठेवून जा. होड्या लागायच्या-सुटायच्या वेळी मधे उभं राहू नका. पहिल्या दिवशी तिथल्या कुणा काकांना विचारा, “काका, इथे गळ टाकला तर चालेल का? जाळं कुठे लावलंय?” एवढं विचारलं की बहुतेक वेळा परवानगीही मिळते आणि पाणी केव्हा फिरेल हेही कळतं. जाळ्यावरून दोर टाकणं, जाळ्याची दोरी कापणं हे कधीच घडता कामा नये. तुमचा छंद आहे, त्यांचं पोट आहे.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात गळ टाकायचा नाही. ऐरोली पूल ते वाशी पूल यांच्या दरम्यान खाडीच्या पश्चिम अंगाला असलेलं सुमारे १,६९० हेक्टरचं हे क्षेत्र २०१५ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. होडीतून निघालात तर हद्द नकाशावर आधीच बघून ठेवा. नागला बंदरापलीकडचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं आहे, तिथेही घुसायचं नाही. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या किनाऱ्याजवळ सुरक्षेचा पहारा असतो. त्या बाजूला होडी नेण्याचा मोह धरू नका. वाहत्या पुलावर गाडी लावून कठड्यावरून गळ टाकणारे दिसतात, त्यांचं अनुकरण नको.

तिवर कायद्याने संरक्षित आहेत. आमिष फांदीत अडकलं तर दोर सोडून द्या, फांदी मोडायची नाही.

ठाणे हे तलावांचं शहर, मग तलावातच का नाही? कारण तलाव-धरणांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी सहकारी संस्थांकडे किंवा ठेकेदाराकडे असते, आणि पिण्याच्या पाण्याच्या साठ्यावर प्रवेशच बंद असतो. विचारल्याशिवाय गळ टाकू नका. हात बसवायचा असेल तर कर्जत-पनवेल भागात पैसे भरून गळ टाकू देणारी खासगी तळी आहेत. तिथे रोहू-कटल्यावर दोर सोडणं-ओढणं शिकून घेता येतं, आणि लहान मुलं बरोबर असतील तर तीच जागा बरी.

सामान: थोडं पण खारट पाण्याला टिकणारं

अमेरिकन बासवाले बहुतेक वेळा बेटकास्टर रीळ वापरतात. ते नवख्यासाठी नाही. फेक चुकली की दोराचं घरटं होतं आणि सकाळ ते सोडवण्यात जाते. स्पिनिंग रीळ घ्या, ३००० किंवा ४००० आकाराचं, खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलं. रॉड सात ते आठ फुटांचा, मध्यम किंवा मध्यम-जड ताकदीचा, दोन तुकड्यांत उघडणारा असला की रिक्षातही नेता येतो. रॉड आणि रीळ मिळून पाच-सहा हजारांत कामाचं सामान मिळतं. पैसे कमी असतील तर रॉडवर वाचवा, रिळावर नको. खारं पाणी स्वस्त रिळाचं बेअरिंग एका मोसमात खातं.

दोर ब्रेडेड, म्हणजे बारीक धाग्यांचा विणलेला, २० ते ३० पौंडांचा, निदान १५० मीटर. त्याच्या टोकाला मोनो (एकसंध नायलॉन) किंवा फ्लुओरोकार्बनचा ४० ते ५० पौंडांचा लीडर, म्हणजे जाड दोराचा तुकडा, अडीच-तीन फूट. लीडर का? जिताड्याच्या गालफडाची कड पात्यासारखी धारदार असते. तो उसळी मारून डोकं झटकतो तेव्हा ती कड दोरावर घासते आणि बारीक ब्रेड तिथेच तुटतो. कालवं लागलेला दगड किंवा खांबही तेच करतो. लीडर नसेल तर मासा लागला तरी हातात येणार नाही, हे धरूनच चाला.

आमिषांत सुरुवातीला तीन गोष्टी पुरतात. एक, रबरी शॅड, म्हणजे मऊ रबराचा नकली मासा, तीन ते पाच इंच, त्यासाठी १० ते २० ग्रॅमचे जिगहेड, म्हणजे डोक्याशी वजन असलेले गळ. गढूळ पाण्यात पांढरा, पिवळट-हिरवा आणि काळा, असे तीन रंग ठेवा. दुसरं, ९० ते १२० मिलिमीटरचा एखादा तरंगता मिनो, म्हणजे कडक, लांबट नकली मासा. तिसरं, जिवंत कोळंबी. तिच्यासाठी २/० ते ४/० आकाराचे सर्कल गळ (टोक आत वळलेले), थोडं शिसं. दुकानदार पन्नास रंग दाखवेल. नम्रपणे नको म्हणा.

बाकीचं: लांब तोंडाची पक्कड, दोर कापायची कात्री, रबरी जाळीचं हातजाळं, माथ्यावरचा दिवा, टोपी, बंद बूट, प्यायचं पाणी. मिनोवरचे तिकडी गळ काढून एकेरी लावा आणि गळाचा काटेरी उलटा दात पकडीने दाबून टाका. मासा सोडणं सोपं जातं, आणि गळ बोटात घुसला तर तोही सहज निघतो.

गाठ आणि ड्रॅग घरीच जमवा

ब्रेड आणि लीडर जोडायला डबल युनी गाठ शिका. दोन्ही टोकं वीतभर एकमेकांवर ठेवायची. लीडरचं टोक मागे वळवून फास करायचा आणि त्या फासातून दोन्ही दोरांभोवती चार वेढे घ्यायचे. ब्रेडच्या बाजूनेही तसंच, पण वेढे सात-आठ, कारण ब्रेड गुळगुळीत असतो आणि कमी वेढ्यांना सरकतो. मग थुंकी लावून ओलं करायचं आणि दोन्ही गाठी हळूहळू एकमेकींना भिडेपर्यंत ओढायच्या. कोरडी गाठ झटक्यात ओढली तर घर्षणाने तापून तिथेच कमजोर होते. लीडरला जिगहेड बांधायला साधी युनी पुरे. टीव्ही बघता बघता रोज पाच-दहा गाठी बांधा. पहाटे, अंधारात, वाऱ्यात हात आपोआप चालायला हवेत.

ड्रॅग म्हणजे मासा जोर लावेल तेव्हा रिळाने किती ताणावर दोर सोडायचा ते ठरवणारी मूठ. दोराच्या ताकदीच्या चौथाई ते एक तृतीयांश ताणावर ती लावा. २५ पौंडांचा दोर म्हणजे सुमारे ११ किलो, तर ड्रॅग तीन किलोच्या जवळपास. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातकाटा घ्या, दोराला अडकवून मित्राला ओढायला सांगा, आणि रीळ किती किलोला सुटतं ते बघा. अंदाजाने घट्ट पिळलेली मूठ हे नवख्याचा मासा सुटण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

फेक मात्र मैदानात शिका. जिगहेडवरचा गळ कापून टाका, किंवा नुसतं शिसं बांधा, आणि बादली ठेवून नेम धरा. खाडीवर लांबीपेक्षा नेम महत्त्वाचा.

पहिली सकाळ

समजा अष्टमी आहे. पाणी भरायच्या थोडं आधी जागेवर पोचा. उभं राहण्याची जागा आधी पक्की करा: शेवाळ नसलेली, मागे फेकीला मोकळी, आणि मासा वर घ्यायला सोय असलेली. दहा फूट उंच भिंतीवर उभे असाल आणि हातजाळं खाली पोचत नसेल, तर मोठा मासा लागल्यावर करणार काय?

पाणी फिरलं की बघा. कचऱ्याची, फेसाची एक रेघ दिसेल, तीच वेगवान आणि संथ पाण्याची सीमा. शॅड प्रवाहाच्या वरच्या अंगाला, थोडा पलीकडे टाका. दोर मोकळा सोडून तो तळाशी जाऊ द्या. दोर सैल पडला म्हणजे टेकला. मग रॉडचं टोक हळू वर उचला, दोन-तीन फूट, आणि पुन्हा खाली जाऊ द्या. त्या वेळात सैल झालेला दोर रिळावर घ्या. उचल, सोड, थांब. प्रवाह त्याला वाहवत आडोशाच्या कडेने नेईल. जिताडा बहुतेक वेळा आमिष खाली पडताना किंवा थांबलेलं असताना घेतो, म्हणून थांबण्याचा क्षण गाळू नका. सगळे नवखे फार भरभर ओढतात. मनात तीन आकडे मोजा आणि मग पुढची उचल करा.

एका जागी दहा-पंधरा फेका झाल्या आणि काही नाही, तर दोन पावलं सरका, कोन बदला. जिताडा आडोशापासून लांब येत नाही, त्यामुळे आमिष दोन हात बाजूने गेलं तर तो हलत नाही.

जिवंत कोळंबी वापरत असाल तर गळ कुठे टोचायचा हे बघून घ्या. डोक्यावरच्या काटेरी सोंडेच्या मुळाशी, कवचातून, आडवा. तिथे आत जो काळा ठिपका दिसतो त्याला धक्का लागला की कोळंबी मरते. नीट टोचलेली कोळंबी बराच वेळ पाय मारत राहते आणि तीच हालचाल जिताड्याला बोलावते. बादलीत बॅटरीवरचा छोटा हवापंप लावा, नाहीतर उन्हात सगळ्या मरतील. सर्कल गळावर मासा लागला की झटका मारायचा नाही. नुसतं रीळ फिरवत ताण वाढवायचा, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

मासा लागला

पहिली काही सेकंदं निर्णायक असतात. जिताडा लागताच आडोशाकडे वळतो, खांबामागे गेला की दोर घासून तुटतो. रॉड एका बाजूला आडवा धरून त्याचं डोकं मोकळ्या पाण्याकडे वळवा. रिळाची मूठ पिळू नका, लावलेल्या ड्रॅगवर भरवसा ठेवा. तो उसळी मारतोय असं दिसलं, म्हणजे दोर पाण्यातून वर चढू लागला, की रॉडचं टोक खाली पाण्याकडे न्या. हवेत असताना ताण उंच ठेवला तर डोकं झटकून तो गळ फेकून देतो.

जवळ आल्यावर घाई नको. हातजाळं आधी पाण्यात बुडवून धरा आणि मासा त्यावर आणा, जाळं माशामागे फिरवू नका. गालफडात बोट घालायचं नाही, कड कापते.

लहान मासा आणि मोठी मादी, दोन्ही सोडा. सोडायची रीत अशी: हात ओले करा, मासा जाळ्यातच पाण्यात ठेवून पकडीने गळ काढा. फोटोसाठी उचलायचा असेल तर एक हात शेपटीच्या मुळाशी, एक पोटाखाली, आडवा धरून, काही सेकंदच. जबड्याला धरून उभा लटकवला तर मोठ्या माशाच्या मानेला आणि आतल्या अवयवांना इजा होते. मग तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरा. कल्ले नीट हलू लागले आणि त्याने शेपटीने हात झटकला की सोडून द्या.

खायचं का? जिताड्याची चव ज्याला माहीत आहे त्याला हा प्रश्न कठीण जातो. पण ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं आणि शहरांच्या सांडपाण्याचं पाणी वर्षानुवर्षं आतल्या खाडीत आलेलं आहे. तळाशी राहणाऱ्या, दुसरे मासे खाणाऱ्या शिकारी माशात जड धातू साचत जातात. म्हणून आतल्या खाडीतला मासा मी खात नाही, आणि गरोदर बायका आणि लहान मुलांनी तर खाऊच नये. खायचा जिताडा तळ्यात वाढवलेला, बाजारातून आणावा.

होडीचं काय

पहिलं वर्ष काठावरूनच करा. त्यानंतर होडीत बसायचं तर पहिल्यांदा कोळीवाड्यातली फायबरची होडी, तिच्या मालकासकट, भाड्याने घ्या. त्या माणसाला चर, दगड, जाळी, फिरतं पाणी सगळं ठाऊक असतं, आणि एका फेरीत तुम्ही जे शिकाल ते काठावर वर्षभरात शिकणार नाही. भाडं आधी ठरवा, घासाघीस करू नका.

स्वतःची हवी असेल तर वल्ह्याची कयाक, वर बसायची, १० ते १३ फुटांची, हा पहिला पर्याय. ती उलटली तरी पाण्याने भरत नाही. हवा भरायची स्वस्त बोट खाडीत नको. कालवांची एक कड पुरे. इंजिन लावायचं ठरलं की नोंदणी, विमा वगैरे येतं. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे चौकशी करूनच खरेदी करा.

कयाकवाल्याचा मोठा शत्रू लाटा नाहीत, ओहोटी आहे. ठाणे खाडी उथळ आहे, दोन्ही बाजूंना चिखलाची सपाटी पसरते. ओहोटीत होडी चिखलावर बसली तर खाली उतरून ढकलायला जाऊ नका. कमरेपर्यंत रुतलेल्या माणसाला स्वतःहून निघता येत नाही. होडीतच बसून पाणी परत येईपर्यंत थांबायचं, मग ते पाच-सहा तास असले तरी. म्हणून भरती चढत असताना निघा, प्रवाहाच्या मदतीने परत या, आणि ओहोटी शेवटाकडे येण्याच्या आधी किनाऱ्याला लागा. दुपारनंतर वारा वाढतो आणि प्रवाहाच्या उलट वाहू लागला की पाणी खवळतं, त्यामुळे सकाळच बरी.

लाइफ जॅकेट अंगात घालायचं, होडीत ठेवायचं नाही. पोहता येत असलं तरी. मोबाइल पाणीबंद पिशवीत, शिट्टी गळ्यात, घरी कुणाला तरी जागा आणि परतायची वेळ सांगितलेली. किनारी पोलिसांचा क्रमांक १०९३, तटरक्षक दलाचा १५५४, आणि सर्वसाधारण मदतीचा ११२. पावसाळ्यात कयाक बाहेर काढू नका.

काटे आणि जखमा

जिताड्यापेक्षा शिंगाळा जास्त वेळा लागेल. त्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांना विष असतं. हाताने धरू नका, पकडीने गळ काढा किंवा लीडर कापा. पाकटाच्या शेपटीवरचा काटा त्याहून वाईट. काटा लागलाच तर जखम धुवा आणि तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरा, वेदना उतरते. मग डॉक्टर. खाडीच्या पाण्यात झालेली कुठलीही जखम, कालवाचं खरचटणं असलं तरी, साबणाने धुवा आणि धनुर्वाताची सुई घेतलेली आहे ना ते बघा. अनवाणी उतरू नका.

घरी आल्यावर

रॉड आणि रीळ साध्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. रिळावर जोराचा फवारा मारला तर मीठ आत ढकललं जातं. ड्रॅगची मूठ सैल करून सावलीत वाळवा. आमिषं वेगळी धुवा, गळ गंजले तर बदला. लीडरवर बोट फिरवा, कुठे खरखरीत लागलं तर तिथून कापून नवी गाठ बांधा. तुटक्या दोराचे तुकडे बरणीत घालून घरी आणा आणि कचऱ्यात टाकण्याआधी बारीक कापा. खाडीवरचे बगळे आणि पाणकावळे त्यात अडकून मरतात.

वहीत चार ओळी: तिथी, भरतीची वेळ, पाणी गढूळ की निवळ, मासा कुठे आणि पाणी कुठल्या टप्प्यावर असताना लागला. काही लागलं नाही तरी लिहा. जून-जुलैत, यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तेव्हा, रीळ उघडून ग्रीस करा, दोर उलटा गुंडाळा म्हणजे न वापरलेला भाग वर येतो, आणि ती वही काढून सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या सप्तमी ते दशमीच्या सकाळी कॅलेंडरवर खुणा करून ठेवा.